खुर्द्याची गणती

२०१७ च्या सप्टेंबरात मारिया नावाचं हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं चक्रीवादळ, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरून गेलं. त्यात माणसं किती मेली? या साध्या प्रश्नाला दोन सरकारी उत्तरं आहेत. कित्येक महिने उत्तर होतं ६४, आणि मग एका दिवसात ते झालं २,९७५. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांशी हरिकेनच्या मोसमात बोलताना हा विषय हमखास निघतो आणि दरवेळी तो चुकीच्या बाजूने ओढला जातो. एकजण म्हणतो, खरे मेले ते ६४, बाकीचं सगळं ट्रम्पविरोधी राजकारण. दुसरा म्हणतो, सरकारने प्रेतं लपवली, आणि ४,६४५ असा तिसराच आकडा पुढे करतो. दोघंही धरून चालतात की मृत्यू म्हणजे पोत्यातले दाणे. कुणी खरे मोजले, कुणी खोटे. माझं म्हणणं असं आहे: वादळ निघून गेल्यावर वीज नाही, पाणी नाही, औषध नाही, रस्ता नाही म्हणून जो मेला, तो वादळातच मेला. त्याची गणती वादळाच्या खात्यावर झालीच पाहिजे, आणि एकेक नाव लिहून ती होत नसेल तर हिशेबाने अंदाज काढून झाली पाहिजे. हा अंदाज ही पळवाट नाही. ६४ पेक्षा तो अधिक खरा आहे.

आधी वादळाची वाट पाहू. मारिया १६ सप्टेंबरला कॅरिबियन बेटांच्या पूर्वेला नावारूपाला आलं. समुद्राच्या कोमट पाण्यावर ते इतक्या वेगाने फुगलं की दोन दिवसांत सर्वोच्च पाचव्या श्रेणीत पोहोचलं. १८ तारखेच्या रात्री ताशी सुमारे २६५ किलोमीटरच्या वाऱ्यांसह ते डॉमिनिकावर आदळलं. त्या चिमुकल्या देशाचे पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या राहत्या घराचं छप्परही उडालं. तसं त्यांनी स्वतःच त्या रात्री जगाला कळवलं. २० तारखेच्या पहाटे मारिया पोर्तो रिकोच्या आग्नेय टोकाला, याबुकोआजवळ, जमिनीवर चढलं. तेव्हा वारे ताशी सुमारे २५० किलोमीटरचे होते. तिथून बेट तिरकं कापत ते वायव्येला बाहेर पडलं. जेमतेम एका दिवसाचं काम.

पण ही तिरकी रेघ कशावरून गेली? पोर्तो रिकोची मोठी वीजकेंद्रं दक्षिण किनाऱ्यावर, आणि बहुतेक वस्ती उत्तरेला, सान हुआनच्या आसपास. मधे डोंगरांची रांग. दक्षिणेची वीज उत्तरेला नेणाऱ्या तारा या डोंगरांवरून जातात, आणि वादळाने नेमका तोच भाग तुडवला. सुमारे ३३ लाख लोकांचं अख्खं बेट अंधारात गेलं. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला अंधार ठरला. शेवटच्या घरांत दिवे लागायला जवळपास ११ महिने गेले. मोबाइलचे जवळजवळ सगळे मनोरे बंद पडले. नकाशावर मारियाची रेघ सप्टेंबर संपताना उत्तर अटलांटिकमध्ये विरते. बेटावर मात्र ती चालूच राहिली. पडलेल्या खांबापासून बंद फ्रीजपर्यंत, फ्रीजमधल्या इन्सुलिनपर्यंत, प्राणवायूच्या यंत्रापर्यंत, डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत. व्हिएकेस या छोट्या बेटावरचं रुग्णालय निकामी झालं, तेव्हा तिथल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर नेऊन आणावं लागू लागलं. उतुआदोच्या डोंगरात रिओ आबाहो या वस्तीचा पूल वाहून गेला. लोकांनी नदीवर दोर ताणून त्यावरून बाजारहाटाची ढकलगाडी ओढत अन्नपाणी आणलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ च्या सुरुवातीला घरोघरी जाऊन विचारलं, तेव्हा २०१७ संपेपर्यंत घरांनी सरासरी ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाइलविना काढल्याचं दिसलं. या ८४ दिवसांत मेलेला माणूस कुणाच्या खात्यावर लिहायचा, हा खरा वाद आहे.

६४ या आकड्याविषयी प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. तो कुणी बसून रचलेला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा उल्लेख असेल आणि सान हुआनच्या न्यायवैद्यक संस्थेने तो मान्य केला असेल, तरच तो मृत्यू वादळाचा, असा नियम होता. नियम वाचायला वाजवी वाटतो. पण हा नियम चालायला काय काय लागतं? प्रेत सान हुआनला नेता यायला हवं किंवा तिथला अधिकारी गावात यायला हवा. म्हणजे रस्ता हवा, इंधन हवं, फोन हवा. वादळाने नेमक्या याच गोष्टी नेल्या होत्या. वर डॉक्टरांना आपत्तीतल्या मृत्यूची नोंद कशी करायची हे कुणी शिकवलंच नव्हतं. मग दाखल्यावर लिहिलं जाई: हृदयविकार, न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग. प्रत्येक शब्द वैद्यकीयदृष्ट्या खरा. पण ते हृदय त्याच आठवड्यात का थांबलं, हा प्रश्न दाखल्याच्या रकान्यात नव्हताच.

आणि हा लहान आकडा लगेच गुणपत्रिकेसारखा दाखवला गेला. ३ ऑक्टोबरला अध्यक्ष ट्रम्प बेटावर आले. तेव्हा सरकारी आकडा १६ होता. २००५ च्या कतरिना वादळासारख्या खऱ्याखुऱ्या आपत्तीत हजारो गेले, इथे १६च, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा, अशा अर्थाचं ते बोलले. ते परत गेले त्याच संध्याकाळी आकडा ३४ झाला. कमी मृत्यू म्हणजे चांगला कारभार हे समीकरण एकदा मांडलं की मृत्यू कमी नोंदवण्यात सर्वांचंच हित तयार होतं. कुणी मुद्दाम खोटं बोलावं लागत नाही; प्रश्न न विचारणं पुरतं.

आता विरोधी बाजूचा पहिला मुद्दा, जो सर्वांत जास्त ऐकू येतो. म्हातारी, आजारी माणसं मरणारच होती. त्यांना वादळाच्या यादीत का घालता? सप्टेंबर २०१८ मध्ये ट्रम्प यांनी जाहीरपणे हाच आक्षेप घेतला, की कुणी म्हातारपणाने मेलं तरी त्याला यादीत टाकलं. आक्षेप ऐकायला सरळ आहे, पण तो ज्या पद्धतीवर घेतला ती पद्धत नेमकी हीच चूक टाळण्यासाठी आहे. गावातल्या दूध डेअरीत रोज किती लिटर दूध येतं हे वर्षानुवर्षं वहीत असतं. उन्हाळ्यात घटतं, दिवाळीनंतर वाढतं, हे डेअरीवाल्याला ठाऊक असतं. एखाद्या महिन्यात अंदाजाच्या निम्मंच दूध आलं, तर नेमकी कुणाची गाय आटली हे कळायच्या आधीच गावात रोग शिरलाय हे त्याला कळतं. अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब असाच आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी पोर्तो रिको सरकारच्याच सांगण्यावरून मागच्या वर्षांच्या नोंदी घेतल्या, ऋतू, वय आणि स्त्री-पुरुष हे सगळं धरून एरवी किती मृत्यू झाले असते ते काढलं. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांत बेटावर प्रत्यक्षात १६,६०८ माणसं मेली. त्यातून जे एरवीही मेले असते ते वजा केले, म्हणजे म्हातारपणाने मरणारे आधीच वजा झाले. शिवाय वादळानंतर सुमारे आठ टक्के लोक बेट सोडून गेले होते. माणसंच कमी झाल्यावर मृत्यूही कमी व्हायला हवे होते ना? ते वाढले. उरलेला आकडा २,९७५; कमीत कमी २,६५८, जास्तीत जास्त ३,२९०. शिवाय पुन्हा मोजलं की आकडे फक्त फुगतात असं म्हणणाऱ्यांनी कतरिनाकडे पाहावं. त्या वादळाचे १,८३३ मृत्यू वर्षानुवर्षं सांगितले जात होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने नोंदी पुन्हा तपासून तो आकडा खाली आणला, १,३९२ वर. नीट मोजणारा माणूस वरही जातो आणि खालीही येतो.

पण मी ज्या बाजूचा आहे त्या बाजूचीही एक चूक आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ४,६४५ हा हार्वर्डच्या पाहणीतला आकडा होता. ३,२९९ घरांच्या पाहणीवरून संपूर्ण बेटाचा अंदाज काढलेला, आणि त्याची व्याप्ती ७९३ पासून ८,४९८ पर्यंत. संशोधकांनी हे स्वतःच स्पष्ट लिहिलं होतं. तरी लोकांनी मधला एक आकडा उचलला, भिंतींवर रंगवला, फलकांवर लिहिला, जणू कुणी ४,६४५ तिरड्या मोजल्या होत्या. ज्यांना कित्येक महिने ६४ ऐकवलं गेलं त्यांचा तो संताप होता आणि मला तो समजतो. तरीही एवढ्या रुंद अंदाजाला नेमकी गणती म्हणणं चूकच होतं, आणि सगळं राजकारण आहे म्हणणाऱ्यांच्या हाती त्याने आयतं कोलीत दिलं. त्या पाहणीतलं मोलाचं दुसरंच होतं: वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यूंचं कारण घरच्यांनी उपचार उशिरा मिळणं किंवा खंडित होणं हे सांगितलं होतं. ते कुणी भिंतीवर रंगवलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. २,९७५ जण मेले म्हणता, तर त्यांची नावं सांगा. नाव नसलेला मृत्यू मी कसा मान्य करू? पानिपतानंतर आलेल्या सावकारी सांकेतिक पत्रातली बातमी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोत्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरांचीही बरीचशी ठाऊक आहेत. खुर्द्याचं नाव कुणाजवळ नाही. म्हणून तो खुर्दा गेलाच नाही, असं कधी कुणी म्हटलं का? उलट त्या एका वाक्यातला सर्वांत जड शब्द तोच आहे. महाराष्ट्रात घरटी माणूस गेला असं पुढे म्हटलं गेलं ते त्या न मोजलेल्यांमुळेच. नाव नोंदण्याची व्यवस्था कोलमडते तेव्हा नावं उरत नाहीत. त्या कोलमडण्याचाच पुरावा मृत्यू झालाच नाही याचा पुरावा म्हणून वापरणं मला अन्याय्य वाटतं.

आणि नावं शोधायला कुणी निघालंच नाही असंही नाही. बेटावरच्या शोधपत्रकारांनी आणि सीएनएनने मृत्यूंची नोंदवही मागितली, सरकारने दिली नाही, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि जून २०१८ मध्ये न्यायालयाने ती खुली करायला लावली. पुढे पत्रकारांनी घरोघरच्या नातेवाइकांशी बोलून शेकडो मृतांची नावानिशी यादी केली. नावाची गरज मी नाकारत नाही. मदत नावालाच मिळते. पण इथेही पाहा काय झालं. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेकडे दोन हजारांहून अधिक अर्ज गेले, आणि २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यातले शंभरही मंजूर झाले नव्हते, कारण मृत्यू वादळामुळे झाला असं लिहिलेला कागद हवा होता. शेतकऱ्याची आत्महत्या मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवणाऱ्या बैठका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना त्या कागदाचं वजन वेगळं सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं, दोन वह्या ठेवा. एक नावांची, भरपाईसाठी, कडक पुराव्याची. दुसरी हिशेबाची, आपत्ती केवढी होती हे कळण्यासाठी. पहिलीतला आकडा दुसरीचं उत्तर म्हणून वाचू नका. ६४ विरुद्ध २,९७५ या भांडणाचा अर्धा भाग एवढ्यानेच मिटेल.

तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे आणि तो मला बराच काळ सतावत होता. हे मृत्यू वादळाच्या नावावर लिहिले तर दोषी माणसं सुटत नाहीत का? पोर्तो रिकोच्या वीज मंडळावर सुमारे नऊ अब्ज डॉलरचं कर्ज होतं. मारियाच्या जेमतेम अडीच महिने आधी त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. जुने खांब, तारांवर वाढलेली झाडं, कमी झालेले वायरमन. मारियाच्या दोन आठवडे आधी इर्मा हे वादळ बेटाच्या नुसतं जवळून गेलं तरी सुमारे दहा लाख लोकांची वीज गेली होती. मग मारियानंतर डायलिसिसविना मेलेला माणूस वाऱ्याने मेला की बेफिकिरीने? हा प्रश्न विचारणारा माणूस माझा विरोधक नाही, सोबतीच आहे. फक्त त्याचा निष्कर्ष उलटा आहे. मोजणी वाऱ्यापाशी थांबवली की उरलेले मृत्यू बेफिकिरीच्या खात्यावर जात नाहीत. ते कुठेच जात नाहीत, ‘नैसर्गिक’ या रकान्यात विरघळतात. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्यात जखमांपेक्षा रोगराईने कितीतरी अधिक सैनिक मेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ते युद्धाच्या हिशेबात, महिन्यागणिक, रंगीत आकृत्या काढून मांडले, तेव्हा कुठे लष्करी रुग्णालयांची गटारं आणि बरॅकींची हवा हा राज्यकारभाराचा विषय झाला. हे तर कॉलरा-टायफॉइडचे मृत्यू, युद्धाचे नव्हेत, असं म्हणून तिने ते वेगळे ठेवले असते, तर गटारांना कुणी हात लावला असता?

न मोजण्याने काय होतं, याची उदाहरणं अटलांटिकच्या वादळांच्या इतिहासातच आहेत. १९२८ च्या सप्टेंबरातलं वादळ आधी पोर्तो रिकोवरून गेलं आणि मग फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराचा मातीचा बांध फोडून गेलं. बुडाले ते बहुतांशी शेतावर राबणारे काळे मजूर. वेस्ट पाम बीचमध्ये गोऱ्यांना शवपेट्या मिळाल्या, आणि सुमारे पावणेसातशे काळ्यांना एका खड्ड्यात पुरलं गेलं. कित्येक दशकं त्या जागेवर खूणसुद्धा नव्हती. अधिकृत आकडा १,८३६ होता. तो निदान २,५०० असा सुधारायला २००३ साल उजाडलं. पंचाहत्तर वर्षं! याउलट १८९९ च्या ऑगस्टमधलं सान सिरियाको हे वादळ घ्या. अमेरिकेने बेट ताब्यात घेऊन वर्षच झालं होतं. तीन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली, डोंगरातल्या कॉफीच्या बागा गेल्या, आणि पुढच्याच वर्षी बेटावरची माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांकडे निघाली. ज्या काळात उपग्रहाचा मागमूसही नव्हता, त्या काळी तीन हजार मोजले गेले. आणि एकशे अठरा वर्षांनी, उपग्रहांच्या जमान्यात, त्याच बेटावर ६४? हा फरक निसर्गाचा नाही.

मग थांबायचं कुठे, असं कुणी विचारेल, आणि याचं गणिती काटेकोर उत्तर माझ्याकडे नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेवर आलेल्या ५०१ वादळांचा हिशेब मांडून म्हटलं, की एका सरासरी वादळामुळे पुढच्या १५ वर्षांत सात ते अकरा हजार जास्तीचे मृत्यू होतात, तर सरकारी नोंदीत सरासरी २४. हा अभ्यास मी आदराने वाचतो, कारण बुडालेली नोकरी, मोडलेलं घर, पांगलेलं कुटुंब आयुष्य कसं खातं हे तो दाखवतो. पण १५ वर्षांपूर्वीच्या वादळाची मृतांची संख्या म्हणून तो आकडा मी वापरणार नाही; एवढ्या काळात इतर शंभर कारणं मधे येतात. माझ्या मते वीज-पाणी-दवाखाना पूर्ववत होईपर्यंतचा काळ हा वादळाचाच काळ धरावा. मारियाच्या बाबतीत सहा महिने ही तर कंजूष मर्यादा झाली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या अभ्यासातच दिसलं की ६५ वर्षांवरच्या पुरुषांमधले जास्तीचे मृत्यू फेब्रुवारीतही थांबले नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. करोनाच्या दोन वर्षांत भारताचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख. तेव्हाही तीच दोन टोकं भांडली आणि ‘नावं दाखवा’ हेच उत्तर मिळालं. पण त्याच काळात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणातून एक शहाणपणाचा नियम निघाला: करोनाचं निदान झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, रुग्णालयाबाहेर झालेला मृत्यूही करोनाचा धरावा. रकाना रुंद केला की मृत माणसं दिसू लागतात. वादळांसाठी असा रकाना आपण अजून आखलेला नाही. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आलं. झाड पडून, भिंत पडून गेलेले मोजले गेले. पण श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या वाड्यांवर वीज यायला कित्येक आठवडे गेले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि ऐन पावसात मोडक्या छपराखाली राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारणारा रकानाच आपल्या पंचनाम्यात नव्हता. पंचनामा नारळाचा होतो, पोफळीचा होतो, कौलांचा होतो.

पोर्तो रिकोत आकडा बदलल्याने काय बदललं? मी खोटी आशा दाखवणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना हे पहिल्या श्रेणीचं, मारियाच्या मानाने दुबळं वादळ आलं आणि अख्खं बेट पुन्हा अंधारात गेलं. २०२४ च्या शेवटच्या दिवशी तर वादळ नसतानाच जवळपास सगळी वीज गेली. पण २,९७५ नंतर एक गोष्ट कुणालाही नाकारता येत नाही, ती म्हणजे मृत्यू कुठे पडले. सर्वांत गरीब तालुक्यांमध्ये मृत्यूचा धोका ४५ टक्के अधिक होता. ६४ च्या यादीत ही ओळ निघूच शकत नव्हती. पुढचा जनरेटर कुठल्या दवाखान्यात आधी बसवायचा, कुठल्या डोंगरवाटेची तार आधी जमिनीखाली घालायची, हे या ओळीवरून ठरवता येतं. कुणी ते ठरवत नसेल तर निदान जाब विचारता येतो.

१ जून २०१८ रोजी सान हुआनमधल्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर लोक चपला-बूट घेऊन यायला लागले. कुणी वडिलांचे, कुणी आजीचे, कुणी शेजाऱ्याचे. जोड्यांत चिठ्ठ्या ठेवल्या, फुलं ठेवली. जोड्यांच्या रांगा लागत गेल्या, शेकड्यांनी. सरकारी आकडा त्या दिवशीही ६४च होता. तो बदलायला २८ ऑगस्ट उजाडला.